गाडीत राहिलेला आवाज

उस्तादांच्या डोळ्यांदेखत धाकट्या भावाने टॅब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. चार्जरची वायर जोडली, टॅब पुढच्या काचेला टेकवला आणि म्हणाला, "होऊ दे जरा चार्ज. आधी तुला उतरवतो, मग घेतो."

उस्ताद टॅबकडे बघत राहिले. मग धाकट्याकडे, मग पुन्हा टॅबकडे. हॉस्पिटलच्या दारात ऊन असं पेटलं होतं की समोरच्या गाड्यांची टपं बघवत नव्हती. तिथे ठेवू नकोस, एवढंच त्यांना सांगायचं होतं. धाकट्याला वाटलं, दादाच्या डोळ्यांवर तिरीप येतेय. "हो हो, सावलीतच नेतोय तुला," असं म्हणत त्याने त्यांना काखेत धरलं आणि चाकांच्या खुर्चीत बसवलं. तेवढ्यात वॉचमनने शिट्टी फुंकली. दारात गाडी उभी करायची नाही, मागच्या मैदानात न्या. धाकटा घाईने परत गाडीत बसला, आणि टॅब गाडीबरोबर गेला.

उस्ताद हे नाव त्यांना कामावर पडलं होतं. सगळा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. शहरातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्यांना आवाजावरून ओळखता यायच्या. पुढे नसांचं दुखणं लागलं. त्याने आधी हात नेले, मग पाय, शेवटी जीभ. आता छातीही थकत चालली होती. डोकं मात्र होतं तस्संच होतं, आणि डोळे चालत होते. टॅब त्या डोळ्यांवर चालायचा. पडद्यावरच्या अक्षराकडे रोखून बघितलं की तो अक्षर उचलायचा, शब्द जुळवायचा आणि एका बाईच्या कोरड्या आवाजात बोलून दाखवायचा. स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारी बाई आमच्याकडे राहायला आलीये, असं धाकटा सगळ्यांना सांगत फिरायचा. टॅब जवळ नसला की उस्तादांकडे दोनच शब्द उरत. डोळे वर केले की हो, मिटले की नाही.

आज त्यांना दोन शब्दांपेक्षा जास्त बोलायचं होतं. छातीचा जोर आणखी कमी झाला की गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची आणि श्वास यंत्रावर सोपवायचा, की तसं काही न करता जे होईल ते होऊ द्यायचं, हे डॉक्टरांना आज ठरवून हवं होतं. त्यानंतर त्या मोठ्या रजेवर जाणार होत्या. उस्तादांचं ठरलं होतं. त्यांना नळी हवी होती. हे त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. घरात सांगितलं असतं तर चर्चा झाली असती, रडारड झाली असती. डॉक्टरांसमोर एकदाच बोलायचं आणि विषय संपवायचा, असा त्यांचा बेत होता. तयार केलेलं वाक्य टॅबमध्ये होतं.

अडचण अशी होती की फार पूर्वी, अंगात जोर असताना, एका सोबत्याला दवाखान्यात बघून आल्यावर ते धाकट्याला म्हणाले होते, "मला असं नळ्या लावून कधी ठेवू नका रे." तेव्हा ते मनापासून म्हणाले होते. आता मनापासून उलट म्हणायचं होतं. खिडकीशी बसून समोरच्या रस्त्याकडे बघत दुपार काढण्यात काही गोडी असेल, हे त्या वेळी त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते. बायको कामावरून येऊन चपला काढता काढता दिवसभराच्या गोष्टी सांगायची, त्यासाठी आणखी काही वर्षं अशीच काढायला त्यांची हरकत नव्हती.

बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तोंडात हत्यारं घातलेल्या माणसांचं हं-हूं समजून घेण्यात तिची उमर गेली होती. वरच्या मजल्यावर नंबर लावून ती खाली आली आणि तिने पहिली चौकशी टॅबची केली. धाकटा घामाघूम होऊन मैदानातून आला होता. गाडीत आहे, चार्ज होतोय, नंबर जवळ आला की आणतो, असं त्याने सांगितलं. तिच्या एका खांद्यावर श्वासाच्या मास्कची पिशवी होती, दुसऱ्यावर कपड्यांची. ती बरं म्हणाली.

गाडीचं इंजिन बंद, काचा बंद, आणि काचेमागे टॅब. खुर्ची लिफ्टमधून वर जात असताना उस्ताद तेवढाच विचार करत होते. लिफ्टच्या वरच्या खोलीत उन्हाळ्यात पंखा बंद पडला की कंट्रोलचं कार्ड कसं तापून आपोआप झोपतं, हे त्यांनी कितीदा बघितलं होतं. बंद गाडीत त्याहून काय वेगळं होणार. त्यांनी बायकोकडे बघून डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. तिने विचारलं, लघवी? नाही. मान अवघडली? नाही. मास्क? नाही. मग तिने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "कळतंय हो, भीती वाटणारच."

वेटिंग रूम भरलेली होती. नंबर पुढे सरकेना. धाकट्याने दोनदा उठायचा विचार केला आणि दोनदा तो बसून राहिला, कारण आता कधीही पुकारतील असं काउंटरवरची मुलगी सारखं सांगत होती. उस्तादांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून लावलेली होती. भिंतीवर दात घासणाऱ्या ससोबाचं चित्र होतं. बाकीच्या रांगा पाठीमागे होत्या. खुर्ची वळवा, एवढंही त्यांना म्हणता येईना. शेवटी नाव पुकारलं तेव्हा धाकटा जिन्याने धावत सुटला. तो परत आला तेव्हा त्याने टॅब रुमालात गुंडाळून दोन्ही हातांत धरला होता. हाताला चटके बसत होते.

पडद्यावर एक तापमापीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, थंड झाल्याशिवाय वापरता येणार नाही. मग तेही विझलं.

डॉक्टर वाईट नव्हत्या. त्यांनी टॅबकडे बघितलं, हळहळल्या, आणि थोडा वेळ वाट बघू म्हणाल्या. पण बाहेर माणसं ताटकळली होती. टॅब टेबलावर तापलेल्या तव्यासारखा पडून होता. बायको अंगावरच्या ओढणीने त्याला वारा घालत होती. डॉक्टरांनी मग धाकट्याला विचारलं की यापूर्वी पेशंट याबद्दल काही बोलले आहेत का. धाकट्याने त्या जुन्या दिवसाची गोष्ट सांगितली. बायको म्हणाली, ते खूप आधीचं आहे. पण पुढे काय म्हणायचं हे तिलाही माहीत नव्हतं. नवरा गेले काही दिवस टॅबवर काहीतरी लिहीत होता, एवढंच तिला ठाऊक होतं.

डॉक्टर खुर्चीसमोर येऊन वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "तुम्हाला नळी घालायची नाहीये, बरोबर?"

उस्तादांनी डोळे मिटले. नाही, बरोबर नाही.

"नाही," धाकटा म्हणाला. "बघा, नाही म्हणतोय."

"म्हणजे नळी नको," डॉक्टर म्हणाल्या.

आता काय करायचं, हे उस्तादांना कळेना. डोळे वर केले तर अर्थ होणार, हो, नको. मिटले तर अर्थ होणार, नाही. हो म्हटलं तरी नाही, नाही म्हटलं तरी नाहीच. दोन शब्दांच्या त्या खोलीला दारच नव्हतं. त्यांनी डोळे उघडे ठेवले, सरळ, न हलवता, कुणाला तरी ते विचित्र वाटेल म्हणून. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, बायकोने पाणी पुसलं, आणि डॉक्टर टेबलाशी जाऊन टाइप करू लागल्या.

कामावर आलेल्या प्रत्येक नव्या पोराला उस्ताद पहिला धडा हाच देत. लिफ्टमध्ये माणूस अडकला की पान्याला नंतर हात लावायचा, आधी त्याच्याशी बोलायचं. दाराच्या फटीला तोंड लावून विचारायचं, किती जण आहात, कुणाला काही होतंय का. आणि मुख्य म्हणजे उत्तर ऐकायचं. बरेच जण नुसतं ओरडून धीर देतात आणि आतून आलेलं ऐकतच नाहीत. उस्तादांना ते आत्ता आठवलं.

मैदानात गाडी भट्टी झाली होती. धाकट्याने चारही दारं उघडली, पण आत बसवताना सीटने पाठ भाजली आणि बेल्टचं बक्कल उस्तादांच्या मनगटाला चिकटलं. हात त्यांना ओढता येईना. बायकोच्या लक्षात येईपर्यंत लाल वळ उठला होता. तिने फुंकर घातली. धाकट्याने इंजिन चालू केलं, एसी पूर्ण सोडला आणि टॅब पुन्हा चार्जरला लावला.

तापलेल्या बॅटरीला करंट देऊ नये, ही गोष्ट उस्तादांच्या हाताला, डोक्याला, सगळ्या अंगाला माहीत होती. त्यांनी डोळे मिटले, उघडले, मिटले. आरशातून ते धाकट्याला दिसलं नाही आणि बायकोचं लक्ष मनगटावरच्या वळाकडे होतं. थोड्याच वेळात टॅबच्या पाठीचं झाकण एका बाजूने उचललं गेलं, पुरी फुगावी तसं. बायकोने ते बघितलं आणि वायर उपटली.

"गेला," ती म्हणाली.

बाहेर पडायच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती. आडवा दांडा वर जात नव्हता. एक माणूस दांड्याच्या मशीनच्या डबीवर थापा मारत होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, दोन्ही बाजूंना कठडा. धाकटा स्टिअरिंगवर बोटं आपटत बोलत राहिला. एका अर्थी सुटलो वहिनी, म्हणाला. दादाच्या मनासारखं झालं. बायको मागच्या सीटवर, उस्तादांच्या शेजारी, रडत होती. मग तिने नाक पुसलं आणि नवऱ्याकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत होते. पापण्या न हलवता, दातांच्या खुर्चीत दुखणारा माणूस बघतो तसे.

"दुखतंय का?" तिने विचारलं. नाही.

"टॅबचं वाईट वाटतंय?" नाही.

"डॉक्टरांचं काही?" डोळे वर गेले आणि वरच राहिले.

ती सरकून जवळ बसली. काय विचारावं हे तिला सुचेना. तिथे काही चुकलं का म्हटलं असतं तर सगळं तिथेच उलगडलं असतं, पण ते सुचलं नाही. भलतंच सुचलं. ती म्हणाली, "कशावरून आहे? कवरून?" नाही. "खवरून?" नाही. "गवरून?"

डोळे वर.

मग ती पहिलीतल्या मुलीसारखी सरळ बसली आणि म्हणायला लागली. आधी ओळी. कची ओळ, चची, टची, तची, पची. पला डोळे वर गेले. "प? फ?" डोळे वर.

"ग फ," ती म्हणाली.

"गप्प," धाकटा पुढून म्हणाला. "गप्प बसा म्हणतोय."

"प नाही. फ आहे. तुम्ही गप्प बसा भाऊजी."

यची ओळ लागली. य नाही, र नाही, ल हो. मग तची ओळ, आणि पहिलंच अक्षर. तिने चारही अक्षरं सुटी सुटी म्हटली आणि मग जोडून म्हटली. गफलत.

पुढची गाडी हातभर सरकली, धाकट्याने आपली सरकवली नाही, मागच्याने हॉर्न वाजवला. बायको पुन्हा ओळी म्हणत होती. उस्तादांना काना-मात्रा मागता येत नव्हत्या, म्हणून ते नुसत्या अक्षरांचे शब्द शोधत होते, खिशात सापडतील ती नाणी काढावीत तसे. प, र, त. मग व, र. मग च, आणि ल.

"परत वर चल," बायको म्हणाली. तिला आता विचारायचं सुचलं. "तुम्हाला नळी हवी आहे?"

डोळे वर गेले. तिने थांबून, दुसऱ्या बाजूने विचारलं. "नळीशिवाय जायचंय?" त्यांनी डोळे मिटले, घट्ट.

तिने दार उघडलं. गाडी रांगेत अडकलेली, वळवायची सोय नाही, डॉक्टर कधीही निघतील. तुम्ही इथेच थांबा, यांच्या तोंडावर ऊन येऊ देऊ नका, असं धाकट्याला सांगून ती गाड्यांच्या मधून, पिशव्या तिथेच टाकून, पळत गेली.

दोघे भाऊ गाडीत राहिले. धाकट्याने आरसा खाली केला, म्हणजे त्यात दादाचे डोळे दिसतील. मग त्याने विचारलं, "माझ्यावर चिडलायस?"

डोळे वर गेले. धाकट्याने मान हलवली. तेवढं त्याला अपेक्षित होतं.

"तूच म्हणाला होतास ना," तो म्हणाला. मग त्याने ते वाक्य सोडून दिलं. "खरं सांगू? मला बघवत नाही तुला असं. आज तिथे तुझं 'नाही' कानावर आलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. सुटका झाल्यासारखं. तुझी नाही, माझी."

उस्तादांचे डोळे पुन्हा पुन्हा वर जाऊ लागले. धाकट्याला कळलं की दादाला अक्षरं हवी आहेत. त्याने घसा साफ करून सुरुवात केली. टची ओळ तो विसरला, यच्या ओळीत स घुसवला, आणि दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी म मिळाला, मग ल.

"मल?" तो म्हणाला. त्याने गाडीत इकडेतिकडे बघितलं. "संडासला जायचंय? आत्ता?"

उस्तादांनी डोळे मिटले. त्यांची छाती हलली, एकदा, दोनदा. धाकटा घाबरून मास्कच्या पिशवीकडे वळला, मग त्याच्या लक्षात आलं की दादा हसतोय. त्यांच्यात एवढंच हसणं उरलं होतं.

पुढचं अक्षर ह निघालं. "मलह," धाकटा म्हणाला. "मलम? हाताला लावायला?" नाही. मागून हॉर्न वाजत होते. धाकटा ओठांतल्या ओठांत अक्षरं घोळवत राहिला, त्यांना काना लावून, वेलांटी लावून, काढून. मग तो थांबला.

"मलाही," तो म्हणाला. "तुलाही बघवत नाही."

डोळे वर गेले.

धाकट्याने पुढे बघितलं. दांडा उघडला होता, समोर रस्ता मोकळा होता. त्याने इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या, खाली उतरला आणि मागच्या गाडीवाल्याला जाऊन सांगितलं की आम्ही जाणार नाही, हवं तर तुम्ही सगळे मागे घ्या. त्यावर बरीच बोलाचाली झाली. गाडीत उस्तादांना शब्द ऐकू येत होते, सगळे सांगण्यासारखे नव्हते. पण धाकटा हलला नाही. दाराशी उभा राहून, पाठीने ऊन अडवत तो शिव्या खात राहिला.

बायको डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांच्या हातात पर्स होती, घरी निघाल्या होत्या. त्या खिडकीशी वाकल्या. या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही. "माझं विचारणं चुकलं," त्या म्हणाल्या. "आता एकेक विचारते. नळी बसवायची?"

वर.

"यंत्रावर राहावं लागेल, कायमचं. पुढे कदाचित डोळेही थकतील. हे माहीत आहे?"

उस्तादांनी या प्रश्नाला वेळ घेतला. डॉक्टर उन्हात उभ्या राहिल्या, घाम हनुवटीवरून गळत होता, पण त्यांनी घाई केली नाही. मग डोळे वर गेले.

"तरी हवी?"

वर.

मागे वळून त्या बायकोला म्हणाल्या की मघाशी लिहिलेलं मी आत्ताच वर जाऊन बदलते, माझ्या जागी येणाऱ्या डॉक्टरांनाही सांगून ठेवते. आणि खरंच परत वर गेल्या.

टॅब दुरुस्त झाला नाही. दुकानदाराने फुगलेली बॅटरी लांबूनच बघितली आणि वाळूच्या डब्यात टाकली. आतलं काही वाचलं नाही. नवा टॅब यायला वेळ लागला आणि नळी त्याच्या आधी बसली. तोवर घर अक्षरांवर चाललं. काना-मात्रांची सोय बायकोने लावली, अक्षर मिळालं की त्याची बाराखडी म्हणायची. दातांच्या दवाखान्यातही ती नकळत ओळी पुटपुटायला लागली आणि तिचे डॉक्टर तिला हसायला लागले.

ती कामावर गेली की धाकटा येऊन बसू लागला. पहिल्याच दिवशी नळीत कफ साचून घुरघुर सुरू झाली. वहिनीने शिकवल्याप्रमाणे त्याने हातमोजे चढवले, बारीक पाइप नळीत सोडला, कफ ओढून घेतला. दादाचा चेहरा निवळला. यंत्र पुन्हा सरळ श्वास देऊ लागलं. धाकटा खुर्चीत बसला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

उस्तादांचे डोळे वर गेले. धाकट्याने ओळी म्हटल्या, आता त्याला टची ओळही येत होती. च मिळाला, मग ह, आणि हची बाराखडी.

"चहा?" तो म्हणाला. "अरे, तुला नाही चालत तोंडाने काही."

डोळे मिटले. पुन्हा ओळी. त, आणि तची बाराखडी, ति ती तु तू. तूला डोळे वर गेले आणि तिथेच थांबले.

धाकटा उठून स्वयंपाकघरात गेला. चहा घेऊन आला, पलंगासमोर बसला आणि दादा बघत असताना फुंकर मारत मारत सगळा प्यायला.